अडीचशेचं वजन

४ फेब्रुवारी

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी खोलीवर सुखरूप पोचलो. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, डबा सांडला नाही, आणि मफलर माझ्या गळ्यातच होता, तेव्हा तो घरभर शोधू नकोस. निघताना मी गॅसचं बटण दोनदा पाहिलं होतं, तरी तू एकदा पाहा. बाबांच्या गोळ्यांपैकी पिवळी खाण्याआधी आणि पांढरी खाण्यानंतर, हे मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलं आहे. बाहेरून चिकटवलं असतं, तर घराचा दवाखाना केलास म्हणून तू माझी पाठ सोडली नसतीस.

रजेच्या चार दिवसांत एकच काम मनासारखं झालं, ते तुझ्या तराजूचं. केकसाठी तू लोणी अख्खं पाकीट घेतेस, अंडी पाच घेतेस, साखर त्या पितळी भांड्याने सपाट भरून घेतेस. वजन करतेस ते फक्त मैद्याचं, आणि नेमकं तेच वजन खोटं निघावं! हातात घेतल्याबरोबर मला ते हलकं लागलं. खिशातल्या काट्यावर ठेवलं, तर अडीचशेच्या जागी दोनशे चौदा ग्रॅम. वजनाच्या बुडाला खाच असते आणि तिच्यात शिसं भरून ते नेमकं करतात, हे तुला माहीतच आहे. यातलं शिसं पार गेलेलं होतं आणि खाच नेहमीपेक्षा बरीच खोल होती. जन्मभर लोकांचे तराजू दुरुस्त केलेल्या माणसाच्या घरात छत्तीस ग्रॅमचा खोटेपणा, या विचाराने मला घाम फुटला. मी शिसं ठोकून बसवलं, कानशीने सारखं केलं आणि वहीत तारखेसह लिहून ठेवलं. आता ते अडीचशे म्हणजे अडीचशे आहे, गुंजभर इकडे नाही की तिकडे नाही.

एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नाही, कारण सांगताना मला रडू आलं असतं. तू दूध आणायला गेली होतीस तेव्हा मी ते वजन बाबांना नेऊन दाखवलं. किती कमी होतं, किती भरलं, सगळं सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने पलंगाची दांडी तीनदा बडवली, घशातून मोठा आवाज काढला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून मी त्यांच्या शाब्बासकीची वाट पाहत होतो. त्यांची वाचा गेल्यावर ती आशाही सोडली होती. ती मला त्या दुपारी मिळाली.

इकडे काटेकाकांनी बाबांची फार चौकशी केली. तीस वर्षं दोघे एका बाकावर बसले. आता काटेकाका तराजूंच्या कारखान्याचे मालक झाले, तरी बाबांचा हत्यारांचा खण त्यांनी अजून कोणाला दिलेला नाही. शनिवारचा केक कसा झाला ते कळव.

बाबांना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू दे, कमी नको की जास्त नको.

तुझा,
तोळोबा


११ फेब्रुवारी

चि. तोळोबास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. गॅसचं बटण पाहिलं. बंद होतं. तू गेलास तेव्हाही बंद होतं आणि तू म्हातारा होशील तेव्हाही बंदच असेल. लहानपणी तुझी तोळामासा तब्येत म्हणून आम्ही तुला तोळोबा म्हणायला लागलो, तर तू मोठेपणी तोळेमासे मोजायचाच धंदा धरलास.

तुझ्या वजनाची गंमत सांगते. आजवर दर शनिवारी त्या बुडाच्या भोकात मैदा जाऊन बसायचा आणि मी केसातली पिन काढून तो उकरायची. परवा सवयीने पिन काढली, तर भोकच नाही! पिन हातात धरून मी वेड्यासारखी उभी.

केक मात्र जमला नाही रे. वरून तडकला आणि सुरी घातली तर भुगा. आपला केक कसा असतो, सुरीला ओल लागते, लिंबू-संत्र्याचा वास बोटांना तासभर राहतो, फोडीत तुती फुटून जांभळ्या रेघा पसरलेल्या असतात. हा म्हणजे भिंतीचा पोपडा. ह्यांना अर्धी फोड भरवली, ती त्यांनी जिभेने बाहेर ढकलली आणि बशी हाताने सरकवली. आजारपणात त्यांनी एकेक करत सगळं सोडलं, पण शनिवारची फोड कधी सोडली नव्हती. बाकीचा घास गिळताना जीव घाबरा होतो त्यांचा, ही मात्र आपोआप उतरायची.

नर्सबाई म्हणाल्या की एखादा दिवस असतो असा. असेल. ओव्हनचं डोकं फिरलं असेल, त्याचंही वय झालंय.

जेवत जा वेळेवर. दुसऱ्याची वजनं भरता भरता स्वतःचं उतरवू नकोस. इथली काळजी इथेच ठेव, तिकडे नेऊ नकोस.

तुझी,
आई


१६ फेब्रुवारी

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून कामात लक्ष नाही. काल एका काट्याची पारडी उलटी बसवली. काटेकाकांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं.

मी डोकं चालवून पाहिलं. लोणी तू बाहेर काढून ठेवतेस का? थंड लोणी साखरेबरोबर नीट फेसत नाही. ते पांढरट आणि हलकं होईपर्यंत फेसायचं, हात दुखला तरी थांबायचं नाही. अंडी एकेक करून घालायची. लिंबाची आणि संत्र्याची साल किसताना फक्त वरचा रंग घे, खालचं पांढरं कडू असतं, आणि तो कीस साखरेत चोळून थोडा वेळ ठेव म्हणजे वासाचं तेल साखरेत उतरतं. बर्फाच्या कप्प्यातल्या तुतींना पाणी सुटतं, म्हणून त्या चमचाभर मैद्यात घोळवून मगच सोड. तुझा ओव्हन मागच्या बाजूने जास्त तापतो, हे मी हात घालून पाहिलं आहे, तेव्हा अर्ध्या तासाने टिन फिरव. आणि केक गरम आहे तोवर त्याला काडीने भोकं पाडून वरून संत्र्याच्या रसाचा पाक ओत. तो सगळा आत जिरला पाहिजे.

यातलं बरंचसं मी तुझ्याच शेजारी स्टुलावर उभा राहून शिकलो आहे, आणि आता तुलाच शिकवतो आहे, म्हणून राग मानू नकोस. लिहिल्याशिवाय मला चैन पडली नसती.

मैद्याबद्दल मात्र अजिबात शंका घेऊ नकोस. त्या सगळ्या सामानात तेवढी एकच गोष्ट आता पक्की बरोबर आहे.

बाबांना सांग की मी त्यांची कानस वापरतो आहे आणि वापरून झाली की पुसून ठेवतो. उत्तर लवकर दे, दोन ओळींचं चालेल.

तुझा,
तोळोबा


२ मार्च

चि. तोळोबास, अनेक आशीर्वाद.

दोन शनिवार गेले. तू लिहिलेलं सगळं केलं. लोणी इतकं फेसलं की नर्सबाईंनी माझ्या दंडाला तेल लावून दिलं. कीस चोळला, टिन फिरवला, पाक ओतला. वरचा बोटभर थर चिकट झाला आणि आत तोच भुगा. आंघोळ न करता अत्तर लावल्यासारखा दिसत होता केक.

हसायचं ते हसून घेतलं. आता खरं लिहिते. हे माझ्या केकला तोंड लावत नाहीत. बशी दिसली की पलंगाची दांडी बडवतात आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवतात. ने ते परत, असं म्हणत असतील. मी नेते. नर्सबाईंनी केलेली लापशी खातात, दूध घेतात. फक्त माझा केक नको.

लग्नानंतरचा माझा पहिला केक असाच झाला होता. दगड नुसता. तुझ्या बाबांनी तो चार दिवस चहात बुडवून खाल्ला आणि एक शब्द बोलले नाहीत. डबा रिकामा झाल्यावर एवढंच म्हणाले, की येत्या शनिवारी पुन्हा कर. केला, आणि तो असा उतरला की तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी हिचा हात, हिचा हात. ह्यांच्या तोंडी सगळ्यात आधी. चार माणसं जमली की मला लाज वाटेपर्यंत सांगायचे. मी ना शिकलेली, ना गाता येत होतं, ना दिसायला कोणी. पण माझा हात होता.

तो गेला रे, तोळोबा. माणसाचा आवाज जातो, तसा हात जात असेल. आणि ह्यांना ते माझ्याआधी कळलं. नाहीतर कशाचा तरी राग आहे माझ्यावर, जो त्यांना सांगता येत नाही आणि मला ओळखता येत नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. लावून घेशीलच, तरी आपलं लिहिते.

तुझी,
आई


७ मार्च

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

हात असा जात नाही. मी रोज पाहतो, तराजू बिघडला तर त्याला कारण असतं. दिसत नाही तोवर फक्त शोधायचं असतं.

माझ्या मनात एक युक्ती आली आहे. बाबांना बोलता येत नाही, पण बोट दाखवता येतं. शनिवारी केक करायच्या आधी सगळं सामान ताटात मांडून त्यांच्यासमोर ने. लोणी, साखर, अंडी, मैदा, लिंबं, संत्रं, तुती. आणि त्यांना विचार की यात काय चुकतं. ते तीस वर्षं तुझा केक खात आले आहेत. त्यांची जीभ तुझ्या ओव्हनपेक्षा जास्त ओळखत असेल. घाई करू नकोस, त्यांना हात उचलायला वेळ लागतो.

एप्रिलमध्ये मला पुन्हा रजा मिळेल. येताना ओव्हनची उष्णता मोजायचा तापमापक आणतो. तोवर राग वगैरे काही मनात आणू नकोस. बाबा तुझ्यावर रागावलेले मी जन्मात पाहिलेले नाहीत.

तुझ्या दंडाला माझा वेगळा नमस्कार.

तोळोबा


१३ मार्च

चि. तोळोबास, आशीर्वाद.

तुझी युक्ती केली. ताट मांडून पलंगाशी नेलं. ह्यांनी ताटाकडे बघितलंदेखील नाही, पुन्हा स्वयंपाकघराकडे बोट. मग मी एकेक वस्तू आणायला लागले. टिन आणला, नको. फेसायचं भांडं आणलं, नको. चाळणी, पितळी भांडं, किसणी, सगळ्याला मान हलवली. नर्सबाई हसून म्हणाल्या, की आता चूल उचलून आणा. शेवटी तराजू आणला, आणि ह्यांनी पारड्यातलं ते वजन उचललं. तू दुरुस्त केलंस ते. डाव्या मुठीत असं घट्ट धरलं, की सोडवता सोडवेना.

माझ्या लक्षात आलं, कामाची आठवण झाली असणार. जन्म गेला त्यात. मी म्हटलं, धरू देत. तेव्हापासून ते वजन त्यांच्या हातात असतं. दुपारी डोळा लागतो तेव्हाही मूठ मिटलेली. जागे असले की अंगठ्याने त्याच्या बुडाशी चाळा करत बसतात. नखाने खरवडतात. तुझ्या शिशाने अंगठ्याचं नख काळं झालं होतं आणि पुढून तुटायला आलं होतं. परवा मी ते धुतलं आणि कापून टाकलं. तर माझ्याकडे असे बघत राहिले की मला तिथे बसवेना.

केकचं कोडं काही सुटलं नाही. पण त्यांना काहीतरी धरायला मिळालं, हेही कमी नाही. शनिवारी मैदा अंदाजाने घेणार होते, पण घरात वजन नसताना मला धीर झाला नाही. केलाच नाही.

तू चांगली युक्ती सांगितलीस. तुझ्या बाबांना तुझं काम आवडलंय, एवढं तरी त्यातून दिसलं.

तुझी,
आई


१८ मार्च

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कारखान्याच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं आणि लगेच आत जाता आलं नाही.

ते वजन त्यांच्या हातातून काढून घेऊ नकोस. मी शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवायचो तेव्हा ते अशीच बोटाने ओळ न् ओळ तपासायचे. आताही तपासत असतील, की पोराने शिसं सारखं बसवलं आहे की नाही. तपासू दे.

तुझी अडचण होऊ नये म्हणून सोबत दुसरं वजन पाठवतो आहे. कोरं आहे, मी स्वतः तीनदा तोललं आहे. बरोबर अडीचशे. येत्या शनिवारी याच्यावर मैदा घे आणि केक कर. या वेळी नक्की होईल.

दोघांना नमस्कार. लवकर भेटू.

तोळोबा


१२ एप्रिल

चि. तोळोबास,

तुला गाडीत बसवून घरी आले. दार उघडलं आणि सवयीने आतल्या खोलीकडे बघत म्हटलं, की आले मी. मग चपला काढायला बराच वेळ लागला.

पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा तुझ्याशी बोलता आलं नाही. तू होतास, पण तूही रिकामा बसत नव्हतास, नळाचे वॉशर बदलत होतास, बिजागऱ्यांना तेल घालत होतास. म्हणून लिहिते.

त्या शनिवारी तू पाठवलेल्या वजनाने केक केला. कोरडाच झाला. तरी पाकात भिजवून ह्यांच्याकडे नेला. त्यांनी बशीवर हात मारला. बशी खाली पडून फुटली. आणि मी त्यांना बोलले. आजारपणाच्या दोन वर्षांत नाही बोलले, त्या दिवशी बोलले, की नको तर नको, राहा उपाशी. नर्सबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तुकडे उचलले. सोमवारी ते गेले.

डॉक्टरांनी समजावलं की झटका दुसऱ्यांदा आला, खाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. डॉक्टर शिकलेले आहेत, ते म्हणतात तसं असेल. पण माझ्या हातचं न खाता गेले आणि माझं ते बोलणं कानात घेऊन गेले. राग कशाचा होता, एवढं तरी कळायला हवं होतं मला.

वजन त्यांच्या उशाखाली सापडलं. तराजू मी कापडात बांधून माळ्यावर टाकलाय. टिन नर्सबाईंना दिला. तुती आता झाडावर भरल्यात, पक्षी खातायत, खाऊ देत. मी आता केक करायची नाही.

काटेकाकांना सांगून ह्यांचा खण रिकामा कर. दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

जेव नीट.

आई


२१ एप्रिल

ती. आईस, सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. वाचून झाल्यावर तू माझ्याशी बोलली नाहीस तरी मी समजून घेईन.

बुधवारी काटेकाका आणि मी मिळून बाबांचा खण रिकामा केला. कानशी, चिमटे, भिंग, खडूचा डबा. सामान पुसता पुसता मी त्यांना शेवटच्या दिवसांतलं सगळं सांगितलं. केक कोरडा व्हायला लागला ते, बाबा दांडी बडवायचे ते, वजन मुठीत धरून बसायचे ते. काटेकाकांनी विचारलं, की कोणतं वजन. मी सांगितलं, आईचं मैद्याचं, त्यात छत्तीस ग्रॅम कमी होते ते मी भरले. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

आई, तुझा हात गेलेला नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं आणि आलं नाही. तीस वर्षं तू अडीचशे समजून दोनशे चौदा ग्रॅम मैदा घेत होतीस. बाकी सगळं पाव किलोचं आणि मैदा तेवढा कमी, म्हणून तो केक तसा ओलसर व्हायचा. मी वजन बरोबर केलं आणि केक बिघडला. वर दुसरंही बरोबर वजन पाठवलं. तुला लिहिलं की मैद्याची शंका घेऊ नकोस. बाबांना कारण ठाऊक होतं. मी त्यांच्यासमोर वजन नेलं त्या दुपारपासून ते हेच सांगत होते, आणि मी त्याला शाब्बासकी समजलो. त्यांचा राग तुझ्यावर नव्हता. असलाच तर माझ्यावर होता.

ते वजन मुळात कमी कशाने झालं असेल, असं तुझ्या मनात येईल. मला वाटतं, ते वर्षानुवर्षांच्या वापराने झिजलं असावं. जुन्या वजनांतलं शिसं सैल होऊन पडून जातं, असं कारखान्यात नेहमी पाहायला मिळतं. त्यात विशेष काही नाही. योगायोगाने ते तुझ्या केकला मानवलं आणि तुझ्या हाताने त्याचं सोनं केलं. काटेकाकांचंही मत साधारण असंच पडलं. त्यानंतर त्यांना काही काम आठवलं आणि ते चहा तसाच ठेवून बाहेर गेले.

क्षमा मागायला मला शब्द सापडत नाहीत, आणि सापडले तरी ते पुरे पडणार नाहीत.

तुझा,
तोळोबा


२९ एप्रिल

चि. तोळोबास, खूप खूप आशीर्वाद.

पाकिटावर तू सवयीने 'सौ.' लिहिलंस आणि मग खोडलंस. तुझ्या हातची खाडाखोड मी पहिल्यांदा पाहिली. पाकीट बदललं नाहीस ते बरं केलंस.

पत्र तीनदा वाचलं. खरं लिहितोस तेव्हा तुझं अक्षर धावतं. खोटं लिहितोस तेव्हा एकेक अक्षर मोत्यासारखं येतं. पत्रभर धावलास आणि झिजलं असावं, सैल झालं असावं, तिथे मोती ओवलेस. बाळा, मी तराजूवाल्याची बायको आहे. वजन झिजतं ते कडांनी, हात लागतो तिथे. बोटाच्या पेराएवढं गोल गुळगुळीत भोक झिजून पडत नाही. तीस वर्षं पिनेने साफ केलंय मी ते. आणि काटेकाका चहा टाकून उठणाऱ्यातले नाहीत.

मग मला एक जुनी गोष्ट आठवली. तो पहिला दगड केक संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी ते वजन रुमालात गुंडाळून कारखान्यात नेलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, की नवीन आहे, एकदा तपासून आणतो. संध्याकाळी आणून पारड्यात ठेवलं आणि म्हणाले, की आता बरोबर आहे.

मैदा कमी घे, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मी नवी नवरी, डोळ्यांत पाणी काढलं असतं. म्हणून बोलले नाहीत. दुसऱ्याचं वजन रतीभर कमी निघालं तर ज्यांना अन्न गोड लागायचं नाही, त्या माणसाने जन्मात एक वजन खोटं केलं आणि ते माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. वर तीस वर्षं चारचौघांत सांगत राहिले की हिचा हात. कोणाला पत्ता लागू दिला नाही. काटेकाकांना सांगितलं असेल, कारण कोरायला बसले असतील ते त्यांच्याच शेजारी.

तू ते लपवलंस, ते माझा हात वाचवायला. त्यांचाच मुलगा आहेस. हाताचं मला एक दिवस वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. दुसऱ्या दिवशी नाही वाटलं.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते तुझं शिसं नखाने कोरून काढत होते. एका हाताने, पडल्या पडल्या. माझा केक पुन्हा जमावा म्हणून. आणि मी त्यांचं नख कापलं रे. वर म्हटलं, राहा उपाशी. हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून तुला लिहिलं. याला उत्तर देऊ नकोस, याला उत्तर नाही.

तुझ्या शाब्बासकीचं म्हणशील, तर निम्मी तरी धर. पोराला नुसत्या हाताने छत्तीस ग्रॅम कळले, हे ऐकून कोणता बाप दांडी बडवणार नाही? उरलेली निम्मी दांडी माझ्यासाठी होती. क्षमेचं काढू नकोस. वजन बरोबर करायला तुला त्यांनीच शिकवलं होतं.

जूनमध्ये येशील तेव्हा हत्यारं घेऊन ये. शिसं तू भरलंस, तूच काढ. किती, ते तुझ्या वहीत आहे.

नर्सबाईंकडून टिन मागून आणला. शनिवारी तराजू खाली काढला, तू पाठवलेलं कोरं वजन पारड्यात ठेवलं आणि बरोबर अडीचशे मैदा घेतला. झाडाच्या ताज्या तुती घातल्या. जसा व्हायचा तसाच झाला, कोरडा ठाक. चहात बुडवून खातेय. आज तिसरा दिवस. मीही अजून एक शब्द बोललेले नाही.

माया मोजू नकोस, असू दे.

तुझी,
आई

ता. क. डब्यात उद्यापुरती एक फोड ठेवली आहे.